लुटुपुटीची लढाई

दिवाळीच्या पाडव्याला आमच्या मालवणात श्रीदेव रामेश्वर आणि श्रीदेव नारायण यांची पालखी निघते. त्या दिवशी सारी बाजारपेठ रस्त्यावर उतरते, मुंबईस गेलेले चाकरमानी रजा काढून येतात, आणि वर्षभर एकमेकांचे तोंड न पाहिलेले लोक 'बरो मा?' म्हणून एकमेकांची विचारपूस करितात. पालखी पुढे गेली म्हणजे आम्ही चार मित्र डॉक्टरांच्या पडवीत जमतो. गेली तीस वर्षे हा नेम फारसा चुकलेला नाही. चार सुशिक्षित, संसारी, केस पिकलेली माणसे सणाच्या रात्री दार लोटून आत काय करितात, याविषयी शेजाऱ्यांनी आजवर नाना तर्क केले आहेत. कोणी म्हणतो पत्ते कुटतात, कोणी त्याहून वाईट म्हणतो. खरी गोष्ट त्या तर्कांहूनही लाजिरवाणी असल्यामुळे आम्ही ती कोणास सांगितली नव्हती. आम्ही तेथे कुस्त्या पाहतो. आणि त्याही खऱ्या नव्हेत.

प्रथम मंडळींची ओळख करून देणे प्राप्त आहे. यजमान डॉक्टर, दवाखाना उघडला त्या दिवसापासून आम्ही त्यांस आदरार्थी बहुवचनाने संबोधू लागलो आणि ती सवय अद्याप गेली नाही. दुसरा तांडेल, बापाची होडी, मग यांत्रिक नौका, आणि आता मुलगा ती नौका समुद्रात नेतो व हा काठावरून त्यास शिव्या देतो. तिसरा राक्षस. हे त्याचे नाव नव्हे, पण गावात त्यास त्याच नावाने ओळखतात. कारण दिवसा किराणा दुकानात काट्यावर उभा राहून त्याने कोणाचे माप कधी मारले नाही, आणि रात्री दशावतारात राक्षसाचे काम करून लहान मुलांची झोप मात्र अनेक वर्षे उडविली. चौथे आम्ही. इंग्रजी वाङ्मय शिकविणे हा आमचा व्यवसाय असल्यामुळे मंडळी आम्हांस 'मास्तर' म्हणतात, व वादात आमचा शब्द शेवटचा समजतात. निदान तसे दाखवितात.

ज्यांचे तारुण्य 1990 नंतरच्या दशकात गेले त्यांस त्या कुस्त्यांविषयी अधिक सांगावयास नको. 1991 साली स्टार टीव्ही आला. पुढे थोड्याच वर्षांत केबलची काळी तार माडांच्या झावळ्यांतून वाट काढीत आमच्या वाडीतही येऊन पोचली, आणि तिच्यामागोमाग अमेरिकेतील वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनचे महाकाय मल्ल घरोघर शिरले. अंगावरील बनियन टराटरा फाडणारा हल्क होगन आला. गुलाबी वेशातला, सामन्यापूर्वी आपला चष्मा पुढच्या रांगेतील एखाद्या पोराच्या डोळ्यांवर चढविणारा ब्रेट हार्ट आला. आणि घंटेच्या टोल्यासरशी काळोखातून पावले मोजीत येणारा, काळा झगा घातलेला अंडरटेकर आला. हा अंडरटेकर सात वेळा मरून परत आला आहे, ही वार्ता शाळकरी मुले इतक्या छातीठोकपणे सांगत की, त्यांनी ती मृत्यूचे दाखले पाहूनच सांगावी. आम्ही चौघे त्या वेळी पंचविशीत होतो. हा छंद वयास शोभणारा नव्हता. तथापि डॉक्टरांच्या घरी दूरचित्रवाणी संच मोठा होता, त्यांच्या मातुःश्री सोलकढी उत्तम करीत, आणि एकट्याने करण्यास लाज वाटेल अशी गोष्ट चौघांनी मिळून केली म्हणजे तिला परंपरेचे रूप येते.

पाहण्यापेक्षाही आम्हांस रस होता तो वादात. त्या वादाचे दोन विषय ठरलेले असत. पहिला चित्रपटांच्या मालिकांचा. कोणताही यशस्वी चित्रपट एकटा राहत नाही. त्यास दुसरा भाग होतो, मग तिसरा, आणि पुढे मूळ पुरुषाचे गुण कोणात किती उतरले यावर घरात भांडणे लागतात. डॉक्टरांस अशा मालिकांची वंशावळ मुखोद्गत आहे. अक्षयकुमारचे 'खिलाडी' या नावाचे चित्रपट 1992 पासून 2012 पर्यंत आठ निघाले आणि त्यांच्या कथांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, हे त्यांनी आम्हांस अनेकदा बोटांवर मोजून दाखविले आहे. त्यांच्या मते जेथे कथा पुढे सरकत नाही ती मालिकाच नव्हे. तांडेलाचे मत उलट. तो म्हणतो, "नाव ऐकान माणूस येता, कथा ऐकान नाय." यावर आम्ही एकदा असा निर्णय दिला होता की, जगातील सर्वांत जुनी व सर्वांत यशस्वी चित्रमालिका आमच्याच सिंधुदुर्गात दर कार्तिकात सुरू होते, तिचा नायक एकच, पण प्रत्येक भागात वेगळे रूप घेऊन येतो, तिचे नऊ भाग होऊन गेले आहेत आणि दहाव्याची जाहिरात युगानुयुगे चालू आहे. या विनोदावर मंडळी मनमुराद हसली. राक्षस मात्र हसला नाही. त्याने गंभीरपणे विचारले, "आणि राक्षस?" आम्ही म्हणालो, "राक्षस काय?" तो म्हणाला, "देव एकच. पण राक्षस दर भागाक नवो लागता. तेका कोण मोजणार?"

हे त्याचे बोलणे तेव्हा आम्हांस नुसते मौजेचे वाटले. पुढे 'रॉकी' मालिकेवर वाद झाला तेव्हाही त्याने तोच सूर धरला. तो मुष्टियोद्धा 1976 च्या पहिल्या चित्रपटात शेवटी गुणांवर हरतो, म्हणून आम्ही पहिला भाग श्रेष्ठ मानीत होतो. डॉक्टर 1979 च्या दुसऱ्या भागाच्या बाजूने होते, कारण त्यात तो जिंकतो. आणि 1982 च्या तिसऱ्यात प्रत्यक्ष हल्क होगन त्यास उचलून फेकतो, एवढ्यावरून तांडेल त्या भागावर खूष होता. राक्षसाने चौथा निवडला. कारण विचारता तो म्हणाला की, पहिल्या दोन भागांत ज्याच्याशी लढून रॉकी मोठा झाला तो अपोलो क्रीड चौथ्यात मरतो; आणि तो मेला नसता तर पुढे मालिकेत जीव राहिला नसता. 2015 साली जेव्हा त्या मृत अपोलोच्या मुलावरच नवी मालिका निघाली, तेव्हा राक्षसाने आम्हांस दूरध्वनी करून एवढेच विचारले, "मास्तर, कोणाचा खरा झाला?"

वादाचा दुसरा विषय सनातन होता: या कुस्त्या खऱ्या की खोट्या? आमच्या देशास हा प्रश्न नवा नव्हता. सह्याद्रीच्या माथ्यावर खऱ्या कुस्तीचे राज्य आहे. शाहू महाराजांनी कोल्हापुरास 1912 साली बांधलेल्या खासबाग मैदानात बसलेला प्रेक्षक पाठ मातीला लागल्याखेरीज निकाल मानीत नाही, आणि ठरवून केलेल्या लढतीस 'नुरा कुस्ती' म्हणून तिची संभावना करितो. परंतु त्याच महाराष्ट्राने दारासिंगच्या फ्री-स्टाइल कुस्त्यांवरही जीव टाकला. 1968 साली मुंबईत अमेरिकेच्या लू थेझ यास हरवून दारासिंग विश्वविजेता ठरला. आणि पुढे 1987 साली दूरदर्शनवरील रामायणात तोच हनुमान होऊन आला तेव्हा हात जोडताना कोणी त्याच्या कुस्त्यांचा हिशेब मागितला नाही. घाटाखाली, आमच्या कोकणात, मातीच्या कुस्तीचे प्रस्थ कधी फारसे नव्हते. आमची कुस्ती म्हणजे दशावतारातले युद्ध.

ज्या वाचकांनी दशावतार पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. जत्रेच्या रात्री देवीची पालखी देवळाभोवती फिरून स्थानापन्न झाली की, मंडपात एक बाकडे मांडतात. तेच सिंहासन, तेच अरण्य, तेच कैलास. बाजूस मृदंग, पायपेटी आणि झांज. आधी गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, मोरावर बसून सरस्वती येते. मग काळ्या वेशातला संकासुर येऊन मालवणीत सर्वांची टर उडवितो. आणि मध्यरात्र उलटता उलटता मुख्य आख्यानास रंग चढतो. या नाटकास लिखित संहिता नसते. कोणते आख्यान लावावयाचे, कोणी राजपार्ट करावयाचा, कोणी स्त्रीपार्ट, कोणी राक्षस, एवढे आयत्या वेळी ठरते. बाकी सारे संवाद नट जागच्या जागी रचितात. दिवसा हेच नट भात लावतात, आंबे उतरवितात, दुकानात वजने टाकतात. पहाटे राक्षस मरतो, दहीकाला होतो, आणि खाजाच्या पुड्या घेऊन लोक घरी जातात. राक्षस मरणार हे आजीच्या मांडीवरील पोरासही ठाऊक असते. तरीही आजी पहाटे चारपर्यंत डोळा मिटीत नाही.

आता तो प्रसंग सांगणे भाग आहे, ज्यासाठी हा लेखप्रपंच आरंभिला. 1996 सालची गोष्ट. त्या वर्षी 'खिलाडियों का खिलाडी' हा चित्रपट आला होता, आणि त्यात अक्षयकुमार साक्षात अंडरटेकरला डोक्यावर उचलतो, यावरून सारे गाव पेटले होते. डॉक्टरांनी त्याची कॅसेट आणिली. पाहून झाल्यावर तांडेल म्हणाला, "हो तो न्हय. ह्येचा तोंड वेगळा." डॉक्टर म्हणाले, तोच. तांडेलाचे बरोबर होते, हे आम्हांस पुष्कळ पुढे कळले. तो मल्ल ब्रायन ली. 1994 च्या ऑगस्टात शिकागो येथे अंडरटेकरविरुद्ध अंडरटेकर अशी जी अजब लढत लावण्यात आली, तिच्यात तोतयाची भूमिका यानेच केली होती. आणि तोच तोतया दोन वर्षांनी हिंदी चित्रपटात अस्सल म्हणून उभा राहिला. परंतु त्या रात्री आम्हांस हे ठाऊक नव्हते. ठाऊक होते ते निराळेच. एका इंग्रजी मासिकात आम्ही वाचले होते की, 1989 साली या कुस्त्यांच्या चालकांनी न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे स्वतःच सांगून टाकले की, हा क्रीडेचा सामना नसून करमणूक आहे. कारण क्रीडा म्हटले की सरकारी देखरेख व कर मानगुटीस बसतात. एवढा पुरावा हाती आल्यावर नवा एम.ए. झालेला तरुण गप्प बसेल काय? आम्ही पडवीत उभे राहून भाषणच ठोकले. कोलरिज आणिला, रोलां बार्थ आणिला, सारे खोटे असल्याचे सिद्ध केले, आणि शेवटी टाळी मिळावी म्हणून राक्षसाकडे हात करून म्हणालो, "हे याच्या दशावतारासारखेच. मेला मेला म्हणून ओरडायचे, आणि पहाटे तोच राक्षस देवळामागे बिडी ओढीत बसलेला!"

टाळी मिळाली. डॉक्टर हसले, तांडेल हसला; राक्षसही हसला, पण सर्वांच्या मागून. त्या रात्री शेजारच्या गावी त्याचा प्रयोग होता. रंगाची पेटी त्याच्या पायांशीच होती. तो हळूच म्हणाला, "मास्तर, तू माका एकदा खोटा पडान दाखय."

वाद जिंकलेल्या माणसास काहीच अशक्य वाटत नाही. आम्ही पडवीतून खाली सारवलेल्या खळ्यात उतरलो. चांदणे पडले होते. राक्षस समोर उभा राहिला व त्याने आमच्या छातीस नुसते बोट लाविले. ठरल्याप्रमाणे आम्ही एक आरोळी ठोकली आणि पाठीमागे अंग टाकिले. पुढचे सारे अर्ध्या क्षणात झाले. अंग टाकिले खरे, पण भिणाऱ्या देहाने आमच्या एम.ए.च्या पदवीस न विचारता डावा हात मागे टेकला, आणि मनगटातून जो आवाज आला तो चौघांनीही ऐकिला. डॉक्टरांनी हात चाचपून, आपल्या धंद्याचा आनंद न लपविता सांगितले की, पडताना हात टेकणाऱ्यांचे मनगट नेमके येथेच मोडते. पुस्तकातल्या चित्रासारखे मोडले आहे. आम्ही विव्हळत होतो. राक्षस खाली बसून, आमचे डोके मांडीवर घेऊन म्हणाला, "पडणा खोटा नसता रे, मास्तर. जिंकणा खोटा असता."

हाताचे दुःख दुसऱ्या दिवशी कमी झाले. लाज मात्र वाढली. प्लास्टर घालून वर्गात कोणत्या तोंडाने जावे? मुले विचारणार, काय झाले. आणि 'आम्ही खोटे पडून दाखवीत होतो' हे उत्तर कोणत्याही प्राध्यापकास शोभणारे नव्हते. परंतु आम्ही वर्गात पाऊल टाकिले तेव्हा कोणी काही विचारलेच नाही. उलट सारा वर्ग उभा राहिला. मागच्या बाकावरील, एरवी खिडकीबाहेर पाहणारी मुले आमच्या प्लास्टरकडे भक्तिभावाने पाहत होती. दुपारी बाजारात गेलो, तर वाण्याने पैसे घेतले नाहीत. मग उलगडा झाला. राक्षस त्या रात्री प्रयोगास गेला होता, आणि रंगपटात, चहाच्या टपरीवर, जत्रेत भेटेल त्यास त्याने सांगितले होते, "मास्तरांशी कुस्ती लागली. मास्तरान माका उचलून टाकल्यान! तेच्यात तेचो हात मोडलो. माझी पाठ बघ!"

आमचे वजन त्या वेळी पंचावन्न किलो होते. राक्षसाचे आमच्याहून दीडपट असावे. तरी गावाने ते मानले, कारण सांगणारा प्रत्यक्ष हरलेला माणूस होता. आपल्या पराभवाची बातमी कोणी स्वतः होऊन पसरवितो काय? आम्ही त्या दिवशीच ती खोडून काढावयास हवी होती. पहिल्या दिवशी आश्चर्यामुळे राहून गेले. दुसऱ्या दिवशी गोड वाटू लागले. तिसऱ्या दिवशी उशीर झाला होता. पापाचा प्रवास बहुधा असाच होत असावा.

पण गोष्ट येथे संपली असती तर आम्ही आज लेखणी उचलली नसती. त्या मोसमात राक्षस रंगमंचावर गर्जना करीत आला की प्रेक्षकांतून एखादे पोर ओरडे, "मास्तर इलो रे!" ज्याच्या आरोळीने मुले आईच्या पदरात शिरत, त्यास मुले हसू लागली. दुसरा नट चिडला असता. याने काय करावे? तो तलवार टाकून बाकड्याआड दडला, थरथर कापू लागला, आणि संकासुरास विचारू लागला, "खंय असा तो? तेच्या हातात पुस्तक असा काय?" सारा मंडप हसून लोळला. तेव्हापासून तो प्रवेश पक्का झाला. गावोगावच्या जत्रांत, आमचे नावगावही ठाऊक नसलेल्या लोकांसमोर, तो बिचारा रात्रीमागून रात्र आमच्यापुढे हरत राहिला. एका रात्री आम्ही मागे अंधारात उभे राहून ते पाहिले आणि त्यास न भेटता परत आलो.

प्लास्टर निघाल्यावर त्यानेच आम्हांस पडावयास शिकविले. हनुवटी छातीस टेकवायची, म्हणजे डोके आपटत नाही. श्वास सोडायचा. हात टेकायचे नाहीत. पसरून जमिनीवर थापटायचे, म्हणजे आघात एका ठिकाणी न बसता सर्वांगास वाटून जातो. आणि मृदंगाची थाप व जमिनीवरची थाप एकाच वेळी पडली पाहिजे, नाहीतर प्रेक्षकास ऐकू येते ते नुसते माणसाचे पडणे. एवढे सारे सांभाळूनही देवळाची फरशी ती फरशीच. त्याच्या कोपरांस घट्टे होते, गुडघ्यांवर जुन्या जखमांचे डाग होते. हे आम्ही कित्येक वर्षे पाहत होतो. पण त्यांचा अर्थ लावण्यास आमचे मनगट मोडावे लागले.

पुढील तीन वर्षांत अमेरिकेतून तीन बातम्या आल्या, आणि आमचे उरलेले शिक्षण त्यांनी पुरे केले. 1997 च्या नोव्हेंबरात मॉन्ट्रिअल येथे ब्रेट हार्ट याने आपल्याच देशात, आपल्या लोकांसमोर हार पत्करण्यास नकार दिला, तेव्हा चालकांनी त्यास अंधारात ठेवून मध्येच घंटा वाजविली व तो हरल्याचे जाहीर केले. 1998 च्या जूनमध्ये पिट्सबर्ग येथे मिक फोली हा मल्ल सुमारे 16 फूट उंच पिंजऱ्याच्या माथ्यावरून खाली टेबलावर फेकला गेला; त्यास झोळीतून नेऊ लागले, तर तो उठून पुन्हा त्याच पिंजऱ्यावर चढला. आणि 1999 च्या मे महिन्यात कॅन्सस सिटी येथे ब्रेटचा धाकटा भाऊ ओवेन हार्ट, छतावरून दोराने खाली उतरण्याच्या देखाव्यात, दोर सुटून पडला व गतप्राण झाला. दूरचित्रवाणीवरील निवेदकास प्रेक्षकांस परोपरीने सांगावे लागले की, हे करमणुकीतले नव्हे, हे खरे आहे. इतकी वर्षे सारे खरेच म्हणून दाखविणाऱ्यांच्या तोंडून ते शब्द निघाले तेव्हा त्यांची काय अवस्था झाली असेल! खेळ मात्र त्या रात्री थांबविण्यात आला नाही.

मॉन्ट्रिअलच्या त्या प्रकरणावर आम्ही चौघांनी जेवढा वाद घातला तेवढा कशावरही घातला नाही. डॉक्टर म्हणत, सारेच जर ठरलेले, तर कोण हरले याचे हार्टने एवढे मनास का लावून घ्यावे? तांडेलास त्यात मालक आणि खलाशी यांचे जुनेच भांडण दिसे. राक्षस म्हणाला, हरणे ही देण्याची वस्तू आहे; ती मागून घ्यावी, चोरू नये. आम्ही त्या वेळी मान खाली घातली. चालकांनी हार्टकडून हार चोरली होती. आमच्या मित्राने आम्हांस ती आपण होऊन दिली होती, आणि आम्ही दात्याचे नाव खोडून ती आपल्या नावावर जमा केली होती. त्यांच्यात आणि आमच्यात फरक एवढाच, की आमच्यावर कोणी ओरडले नाही.

यंदाचा पाडवा नेहमीपेक्षा थोडा उदास होता. 2025 च्या जुलैत हल्क होगन एकाहत्तराव्या वर्षी वारला. म्हणून डॉक्टरांनी ठरविले की, या वेळी जुन्या लढती क्रमाने पाहावयाच्या. पुण्यास शिकणारी त्यांची पुतणी सुटीवर आली होती. तिने फोनवरून दोन मिनिटांत पडद्यावर सारे नव्वदीचे दशक उभे केले. पूर्वी ज्यासाठी आठवडाभर वाट पाहावी लागे आणि नेमकी वीज जाई, ते आता बोटाच्या टोकाशी आले आहे. पाहता पाहता एक चमत्कारिक गोष्ट आमच्या ध्यानात आली. तरुणपणी आमची दृष्टी जिंकणाऱ्यावर असे. या वेळी आम्ही चौघेही पडणाऱ्याकडे पाहत होतो. होगनचा ठोसा किती बेताचा होता ते आता उघड दिसत होते. आणि त्या बेताच्या ठोशाने समोरचा धिप्पाड गडी असा काही कोलमडे की, ठोशास वजन येई. राक्षस अधूनमधून मान डोलवून त्या अनाम गड्यांस दाद देत होता.

मध्येच त्या मुलीने आम्हांस विचारले, "सर, तुम्ही खरंच काकांना उचलून आपटलं होतंत का? आमच्याकडे सगळे सांगतात."

आम्ही म्हणालो, "नाही." तीस वर्षांत प्रथमच तो शब्द आमच्या तोंडून निघाला. पुढे बोलणार, तोच राक्षस म्हणाला, "मास्तर लाजता!" आणि खुर्चीच्या हातांवर भार देऊन तो उभा राहिला. त्याचे गुडघे गेले आहेत. चार वर्षांपूर्वी त्याने काम सोडले. तरी आवाज होता तसाच होता. त्याने ती कधीच न झालेली कुस्ती पहिल्यापासून सांगावयास सुरुवात केली. आम्ही कसे खळ्यात उतरलो, चांदणे कसे होते, आम्ही त्याच्या कमरेस कसा विळखा घातला. सांगता सांगता तो एकदा आम्ही होई, एकदा स्वतः होई. मुलगी तोंडावर हात ठेवून पाहत होती. तांडेलाने टेबलावर बोटांनी मृदंगाची लय धरली. शेवटी तो क्षण आला, ज्या क्षणी आम्ही त्यास उचलतो आणि तो आदळतो. राक्षसाने दोन्ही हात वर केले, जमिनीकडे पाहिले, आणि तो थांबला. तांडेलाची बोटेही थांबली. आम्हांस सर्वांस एकदमच कळले की, त्यास आता पडता येत नाही.

आम्ही उठून त्याच्यासमोर उभे राहिलो. का उठलो, ते आता सांगता येणार नाही. आम्ही म्हणालो, "बोट लाव." त्याने क्षणभर आमच्याकडे पाहिले आणि छातीस बोट लाविले. हनुवटी छातीस टेकली, श्वास सोडला, हात पसरले. डॉक्टरांच्या पडवीतील फरशीवर आमच्या चोपन्न वर्षांच्या देहाचा जो आवाज झाला त्याने स्वयंपाकघरातील माणसे धावत बाहेर आली. तांडेलाची थाप नेमकी त्याच वेळी पडली होती. पाठ चांगलीच शेकली, पण मोडले काही नाही. गुरूने शिष्यास बरे शिकविले होते.

आडव्याच अवस्थेत आम्ही त्या मुलीस सांगितले, "खरे होते ते असे." वाटले, फिटले एकदाचे. पण राक्षस तिच्याकडे वळून शांतपणे म्हणाला, "बघलंस? नाटक करता. मोठो माणूस, पण गर्व नाय." आणि ती आमच्याकडे पूर्वीहून अधिक आदराने पाहू लागली.

तोंडी कबुलीचा हा असा बोऱ्या वाजला, म्हणून ती येथे छापून देत आहोत. 1996 सालच्या त्या रात्री आम्ही कोणासही उचलले नाही. आम्ही आपल्याच पांडित्याच्या भाराने पडलो, आणि ज्याने आम्हांस त्यातून उचलले त्याचे श्रेय आम्ही तीस वर्षे लाटले. आमच्या ज्या माजी विद्यार्थ्यांनी त्या प्लास्टरमुळे आमची व्याख्याने अधिक लक्षपूर्वक ऐकिली असतील त्यांनी आपापला हिशेब दुरुस्त करून घ्यावा. राक्षस हे मासिक वाचीत नाही. पण तांडेल वाचतो. तो पुढच्या पाडव्यास हा अंक खिशात घालून आणील आणि पडवीत बसून मोठ्याने वाचून दाखवील. त्या वेळी राक्षस काय करील, तेही आम्ही आताच सांगू शकतो. तो शेवटपर्यंत ऐकून घेईल, सोलकढीचा पेला खाली ठेवील, आणि म्हणेल, "ता सगळा खोटा असा."